अर्ध्या दिवसातलं ओस्तिया: गाइड काय दाखवतात, काय गाळतात

रोमला निघालेल्या ओळखीच्या मंडळींकडून मला हमखास येणारा प्रश्न: "पॉम्पेईला जायचं तर अख्खा दिवस जातो. त्याऐवजी ओस्तियाची ती हाफ-डे टूर घेतली तर चालेल का?" चालेल, खुशाल घ्या. मात्र त्या टूरमध्ये जे सांगतात ते जरा तपासून घ्या. आजच्या पोस्टमध्ये आपण तेच करणार आहोत.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात: माझी पीएचडी ओस्तियाच्या उत्खननाच्या इतिहासावर आहे. रोमन लोकांनी हे शहर कसं बांधलं यापेक्षा विसाव्या शतकात ते जमिनीतून कसं बाहेर काढलं, त्यातलं काय ठेवलं आणि काय फेकून दिलं, हा माझा विषय. त्यामुळे गाइडेड टूरही माझ्या अभ्यासातच येते. नाटकाचं परीक्षण करतात तसं टूरचंही करता येतं. तिलाही संहिता असते, प्रवेश ठरलेले असतात, हशा कुठे पिकणार हे माहीत असतं, आणि काही पात्रं रंगमंचावर कधी येतच नाहीत. मी इथे एखाद्या कंपनीबद्दल किंवा एखाद्या गाइडबद्दल लिहीत नाहीये. वेगवेगळ्या गाइडांबरोबर हिंडल्यावर जी एकच ठरलेली गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू येते, तिच्याबद्दल लिहितेय.

माझा मुद्दा आधीच सांगून टाकते. ही टूर तुम्हाला "इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं रोमन शहर" दाखवायला नेते. पण तुम्ही ज्या रस्त्यांवरून चालता, ज्या भिंतींचे फोटो काढता, त्यांचं आजचं रूप फार मोठ्या प्रमाणात १९३८ ते १९४२ या काळात ठरलं. ते ठरवताना शहराची शेवटची काही शतकं खरवडून काढली गेली. टूरमध्ये याबद्दल चकार शब्द निघत नाही.

टूर कशी असते

ओस्तिया हे टायबर नदीच्या मुखावरचं रोमचं जुनं बंदर. नावच मुळी लॅटिनमधल्या 'मुख' या शब्दावरून आलंय. रोमपासून अंतर साधारण २५ किलोमीटर. पोर्ता सान पाओलो स्टेशनवरून लोकल पकडली की अर्ध्या तासात पोचता. आज मात्र तिथे उभं राहिलं की बंदर वगैरे काही जाणवत नाही. नदीच्या गाळाने किनारा पुढे सरकला, समुद्र काही किलोमीटर लांब गेला. १५५७ च्या मोठ्या पुरात तर नदीनेच वळण सोडून दुसरी वाट धरली. म्हणजे बंदराचं शहर, पण ना बंदर ना नदी, अशी पहिल्यांदा जाणाऱ्याची थोडी फसगत होते.

टूर साधारण तीन तासांची. पोर्ता रोमाना या दरवाजातून आत शिरायचं आणि देकुमानुस माक्सिमुस या मुख्य रस्त्याने सरळ चालत राहायचं. उजव्या हाताला नेपच्यूनची स्नानगृहं. तिथल्या गच्चीवरून खाली बघितलं की काळ्या-पांढऱ्या मोझेइकमध्ये चार सागरी घोडे जुंपलेला समुद्रदेव दिसतो. मग नाट्यगृह. त्याच्या मागे 'व्यापाऱ्यांचा चौक', म्हणजे साठेक छोट्या खोल्या आणि समोर मोझेइकमध्ये जहाजं, दीपगृहं, मासे. एका खोलीपुढे आजच्या लिबियातल्या साब्राथा या गावाचं नाव आणि हत्ती. पुढे पिठाच्या गिरण्या, दिआनाचं घर नावाची बहुमजली इमारत, तिच्यासमोर थर्मोपोलियम म्हणजे खाण्यापिण्याचं दुकान. मग फोरम, तिथलं कॅपिटोलियमचं उंच विटांचं देऊळ, आणि सगळ्यात शेवटी सार्वजनिक शौचालय. शौचालय शेवटी ठेवण्यामागे हिशोब असतो. लोक हसत हसत बाहेर पडतात.

जे चांगलं आहे ते आधी

या टूरची मला मनापासून आवडणारी गोष्ट म्हणजे ती सम्राटांच्या मागे लागत नाही. रोम शहरात गाइडचा अर्धा वेळ कुणी कुणाला मारलं यात जातो. ओस्तियात तुम्ही दुकानं, गिरण्या, भाड्याच्या खोल्या, अग्निशामक दलाची बराक बघता. लाखो माणसांच्या शहराला रोज धान्य लागतं, ते जहाजाने येतं, ते उतरवायला हमाल लागतात, मोजायला कारकून लागतात, साठवायला गोदामं लागतात, हे इथे चालता चालता कळतं. पुस्तकात याच गोष्टीला 'पुरवठा व्यवस्था' म्हणतात आणि वाचताना झोप येते.

दुसरं म्हणजे मापं. दिआनाच्या घरातल्या अरुंद, अंधाऱ्या खोल्यांमध्ये पाच मिनिटं उभं राहिलं की 'रोमन घर' म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारं ते कारंजं-अंगण-संगमरवर प्रकरण निम्म्याने गळून पडतं. चाळीत वाढलेल्या माणसाला तर काही समजावून सांगावंच लागत नाही. चांगले गाइड इथे बोलणं थांबवतात आणि लोकांना नुसतं हिंडू देतात. हे काम कुठलाही लेख करू शकत नाही, माझा थिसिस तर नाहीच नाही.

एकच घड्याळ, तेही बंद पडलेलं

आता अडचण. टूरमधली सगळी वाक्यं एकाच काळात असतात: "इथे लोक जेवायचे", "इथे आंघोळ करायचे", "इथे बसून गप्पा मारायचे". कधी? तर "रोमन काळात". पण ओस्तियाचा रोमन काळ म्हणजे सुमारे नऊशे-हजार वर्षं! सगळ्यात जुन्या तटबंदीचे दगड ख्रिस्तपूर्व चौथ्या-तिसऱ्या शतकातले आणि शहरात वस्ती होती ती थेट इसवी सनाच्या सहाव्या शतकापर्यंत आणि त्यानंतरही तुरळक. ही सगळी वर्षं टूरमध्ये एका दिवसासारखी वागवली जातात.

नेहमीचीच ठिकाणं घेऊ. नाट्यगृहाबद्दल सांगतात की ते ऑगस्टसच्या काळात आग्रिप्पाने बांधलं. बरोबर आहे, पण तुमच्या समोरचं विटांचं बांधकाम दुसऱ्या शतकाच्या शेवटी केलेल्या विस्ताराचं, आणि तुम्ही ज्या पायऱ्यांवर बसता त्यांतल्या बऱ्याचशा विसाव्या शतकात पुन्हा रचलेल्या. थर्मोपोलियमची इमारत दुसऱ्या शतकातली, पण फोटोत येणारा तो ओटा, फळ्या आणि खाद्यपदार्थांचं भित्तिचित्र हे सगळं नंतर तिथे दुकान थाटलं तेव्हाचं. लोकांच्या लाडक्या शौचालयाचंही तसंच. ते आधीच्या दुकानांच्या जागेत मागाहून केलेलं. म्हणजे टूरमधली सगळ्यात जिवंत वाटणारी दोन ठिकाणं आपल्याला सांगतात की या शहराने जागा मोडल्या, बदलल्या, पुन्हा वापरल्या. आणि गाइड नेमकी हीच ठिकाणं गोठलेल्या शहराचा पुरावा म्हणून दाखवतात.

दुसऱ्या शतकाचं एवढं कौतुक उगाच झालेलं नाही, हेही सांगायला हवं. विटांवर शिक्के असायचे. इ.स. १२३ मध्ये तर रोमभोवतीच्या वीटभट्ट्यांनी त्या वर्षाच्या कॉन्सलांची नावं विटांवर इतक्या सर्रास उमटवली की त्या वर्षाच्या विटा आजही ढिगाने सापडतात. हर्बर्ट ब्लॉख या अभ्यासकाने १९३० च्या दशकात असे शिक्के चिकाटीने तपासले आणि दाखवून दिलं की ओस्तियाचा मोठा भाग हेड्रियनच्या कारकिर्दीच्या आसपास नव्याने बांधला गेला. तेव्हा दुसऱ्या शतकातली बांधकामाची लाट खरीच आहे. प्रश्न असा, की लाटेनंतर जे झालं ते आपल्याला का दिसत नाही?

१९३८ ते १९४२

ते दिसत नाही, कारण ते काढून टाकलं गेलं.

ओस्तियात खोदकाम पोपच्या राजवटीतही झालं होतं, मुख्यतः पुतळे आणि संगमरवर मिळवण्यासाठी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते जास्त शिस्तीने होऊ लागलं. मग मुसोलिनीच्या सरकारने ठरवलं की १९४२ मध्ये रोममध्ये भव्य जागतिक प्रदर्शन भरवायचं. फॅसिस्टांच्या रोमवरच्या मोर्चाला तेव्हा वीस वर्षं पूर्ण होणार होती. प्रदर्शनाचं नाव ई-४२. त्याच्यासाठी रोमच्या दक्षिणेला नवं उपनगर बांधायला घेतलं, तेच आजचं एउर. आणि समुद्राकडे जाताना पाहुण्यांना दाखवायला एक अख्खं प्राचीन रोमन शहर हवं होतं. पुरातत्त्वज्ञ ग्विदो काल्झा यांच्या देखरेखीखाली १९३८ मध्ये काम सुरू झालं आणि चारएक वर्षांत शहराचा उघडा झालेला भाग दुपटीच्या वर गेला. रूळ टाकून छोट्या वाघिणींतून माती वाहून नेली. पुढे युद्धामुळे प्रदर्शन कधी भरलंच नाही. शहर मात्र उघडं झालं ते झालंच.

आता उत्खनन म्हणजे काय, हे एकदा नीट बघू. जमिनीत वरचा थर सगळ्यात नवा आणि खालचा जुना. दुसऱ्या शतकातल्या रस्त्यापर्यंत जायचं तर सहावं, पाचवं, चौथं, तिसरं शतक आधी लागणार. धीराने काम करणारा माणूस प्रत्येक थराला थांबतो, मोजतो, रेखाटतो, मग खाली जातो. घाईत काम करणारा सरळ खाली जातो. आणि गेलेला थर परत घालता येत नाही. ते पान वाचलं असो वा नसो, फाटलेलंच.

काल्झा अडाणी नव्हते. बहुमजली रोमन घरांबद्दल त्यांनी केलेलं लिखाण आजही आधाराला घ्यावं लागतं. पण त्यांच्यापुढे तारीख होती, वरून दबाव होता, आणि त्यांच्या पिढीच्या बहुतेकांची अशी पक्की समजूत होती की तिसऱ्या शतकानंतरचं म्हणजे 'ऱ्हासाचं', कमी दर्जाचं. दारं बुजवणाऱ्या ओबडधोबड भिंती, रस्त्यावर आलेले ओटे, उंचावलेल्या फरशा, जुन्या दगडांची ठिगळं हे सगळं त्यांना 'खऱ्या' शहरावर बसलेली धूळ वाटलं. त्यातलं बरंचसं पुरेशी नोंद न करता काढलं गेलं. कोसळलेल्या भिंती मात्र पुन्हा उभ्या केल्या, बऱ्याच ठिकाणी जुन्याच विटा वापरून. वास्तुविशारद इतालो गिस्मोंदी यांनी काढलेली पुनर्रचनेची चित्रं इतकी नेटकी आहेत की आज आपण अवशेषांकडे त्या चित्रांच्याच डोळ्यांनी बघतो. या मोहिमेचा मोठा ग्रंथ छापून आला तो १९५३ मध्ये, तोवर काल्झा हयातही नव्हते.

हे एकट्या ओस्तियात घडलं नाही. १९३२ मध्ये याच राजवटीने रोममध्ये कलोसियमपासून थेट रस्ता काढला, त्यासाठी मधली वस्ती जमीनदोस्त केली. सम्राटांचे फोरम दिसावेत म्हणून शेकडो वर्षं तिथे राहत आलेली माणसं हटवली. जमिनीवर काय आणि जमिनीखाली काय, पद्धत एकच: साम्राज्याचा उत्कर्ष ठेवायचा, नंतरचं पुसायचं.

आणि म्हणूनच मला ही टूर निव्वळ 'थोडी वरवरची' वाटत नाही. वरवरची असती तर हरकत नव्हती, सुट्टीवर आलेल्या माणसाला परीक्षा थोडीच द्यायचीये. पण सरकारने एका प्रदर्शनासाठी जी कथा रचली, ती ऐंशीहून जास्त वर्षांनी, ते सरकार गेल्यावर, त्याला मनापासून नाकारणारे गाइडसुद्धा जशीच्या तशी सांगतायत. कारण ती कथा आता कागदावर उरलेली नाही, तिने भिंतींचं रूप घेतलंय. आणि भिंत खोटं बोलत असेल असं कुणाला वाटत नाही.

गाळलेली माणसं

टूरमध्ये शेवटचा अंक ठरलेला: "मग बंदर गाळाने भरलं, मलेरिया आला, लोक निघून गेले." सगळं दोन वाक्यांत, फाटकाकडे चालता चालता. यातल्या कुठल्याच शब्दाला थेट खोटं म्हणता येणार नाही, पण सगळे शब्द चुकीच्या शतकात ठेवलेत. मलेरियाचंच घ्या. १८८४ मध्ये रावेन्नाकडून आलेल्या मजुरांच्या सहकारी संस्थेने इथली दलदल उपसायला घेतली, तेव्हा त्यांच्यातली माणसं मलेरियाने मेली. ती हकिगत आधुनिक इटलीची आहे, आणि खरं तर ती टूरमध्ये असायला हवी. चौथ्या शतकातल्या ओस्तियाची ती हकिगत नव्हे.

चौथ्या शतकात काय होतं? व्यापाराचा भार शेजारच्या पोर्तुस बंदराकडे गेला होता, हे खरं. भाड्याच्या काही इमारती ओस पडल्या, हेही खरं. पण त्याच काळात श्रीमंत लोक जुनी घरं, दुकानं जोडून नवी घरं करत होते. 'क्यूपिड आणि सायकीचं घर' बघा: रंगीत संगमरवराची जमीन, घरातच कारंजी. ते या उत्तरकाळातलं आहे. समुद्राकडच्या दरवाजाबाहेर एका इमारतीत रंगीत दगड कापून केलेली सिंहांची, वाघांची अप्रतिम भिंत सापडली, चौथ्या शतकाच्या अखेरीची. ती आज ओस्तियात नाही. ती एउरमधल्या संग्रहालयात आहे, म्हणजे ज्या उपनगरासाठी हे उत्खनन घाईघाईने उरकलं त्याच उपनगरात! आणि तुमची लोकल तिथे थांबूनच ओस्तियाला जाते.

इ.स. ३८७ मध्ये ऑगस्टीन नावाचा तरुण शिक्षक आफ्रिकेला परत जायला जहाजाची वाट बघत ओस्तियात थांबला होता. पुढे ख्रिस्ती धर्मातला फार मोठा विचारवंत झालेला तो हाच. सोबत आई मोनिका. दोघं बागेकडे उघडणाऱ्या खिडकीशी बोलत उभे होते, असं त्याने आपल्या आत्मकथनात लिहिलंय. काही दिवसांनी मोनिका तिथेच तापाने गेली. तिच्या थडग्यावरच्या ओळी जुन्या हस्तलिखितांतून माहीत होत्या, दगड मात्र सापडत नव्हता. १९४५ मध्ये सांत'आउरेया चर्चच्या अंगणात खेळण्यासाठी खांब रोवायला खड्डा खणताना मुलांना त्या दगडाचा तुकडा मिळाला. इतक्या मोठ्या मोहिमेनंतर तीनच वर्षांनी, काहीशे पावलांवर! आज तो चर्चमध्ये आहे. टूरच्या बसथांब्यापासून चालत पाच-सात मिनिटं. कुठलीही हाफ-डे टूर मला तिथे घेऊन गेली नाही.

शहराच्या पार दुसऱ्या टोकाला सिनेगॉग आहे. १९६१ मध्ये विमानतळाचा रस्ता बांधताना सापडलं. खांबांवरच्या दगडात मेनोरा, म्हणजे सात फांद्यांची दीपमाळ, कोरलेली. ज्यू समाज इथे शतकानुशतकं राहत होता, त्यांनी ही वास्तू वेळोवेळी वाढवली, दुरुस्त केली. शेवटचे मोठे बदल याच तथाकथित ऱ्हासाच्या काळातले. टूर तिथवर जात नाही, "लांब पडतं" म्हणून. पडतंच लांब, मान्य. पण चारएक वर्षांच्या त्या तडाख्यातून ते वाचलं, ते लांब होतं म्हणूनच.

फोरममध्येही २००८ पासून केंट आणि बर्लिनच्या विद्यापीठांनी पुन्हा बारकाईने काम केलं. जुन्या मोहिमेत सुटून गेलेल्या खाणाखुणा वाचल्यावर दिसलं की लोक इथली फरसबंदी अगदी उशिरापर्यंत दुरुस्त करत होते, जुना संगमरवर पुन्हा वापरून. ठिगळ लावणारी माणसं शहर सोडून जात नसतात. शहर टिकवायला बघणारीच ठिगळं लावतात.

स्पंजची काडी

टूरच्या स्वभावाची एक छोटी परीक्षा सांगते. शौचालयापाशी गाइड हमखास सांगतात की काडीला लावलेला एकच स्पंज सगळे जण आळीपाळीने वापरायचे. "ईईई" असा सामुदायिक उद्गार निघतो. पुरावा काय? सेनेकाच्या सत्तराव्या पत्रात एका कैद्याची गोष्ट आहे. जनावरांशी झुंजायला पाठवणार म्हणून त्याने शौचालयातली ती काडी घशात कोंबून जीव दिला. काडी होती, ती तिथे ठेवलेली असायची, एवढं यातून कळतं. ती नेमकी कशी वापरत, अंग पुसायला की जागा घासायला, तीच सगळे वापरत की प्रत्येकाची वेगळी, यावर अभ्यासकांत वाद आहे.

पण मला वादापेक्षा दुसरीच गोष्ट लागते. त्या काडीबद्दलचा हा इतका महत्त्वाचा दाखला एका माणसाच्या आत्महत्येतून आलाय. गुलाम म्हणून मरण्यापेक्षा स्वतःच्या हाताने मरणारा माणूस. सेनेका त्याचं कौतुक करतो. टूरमध्ये माणूस जातो, काडी उरते, आणि काडीवर हशा पिकतो.

"अहो, पण तीन तासांत काय काय बसवणार?"

हा आक्षेप रास्त आहे. ऊन असतं, सोबत मुलं असतात, कुणाला तरी दुपारच्या ट्रेनने फ्लोरेन्सला जायचं असतं. गाइडांच्या बाजूनेही बोलायला हवं. इटलीत गाइड व्हायला परवाना लागतो, परीक्षा द्यावी लागते. माझ्याशी खासगीत बोलताना ई-४२ ची सगळी हकिगत सांगणारे गाइड मला भेटलेत. मग टूरमध्ये का नाही सांगत? त्यातल्या एकीने सांगितलं की लोक हसले तर चांगले अभिप्राय येतात, "हे खरं का?" असा प्रश्न पडला तर येत नाहीत. पोटाचा प्रश्न आहे, त्यावर मी लांबून शहाणपणा शिकवणार नाही.

पण माझी मागणी जास्त वेळाची नाहीच. तीन वाक्यं पुरतील. नाट्यगृहात: "तुम्ही बसलाय त्या पायऱ्या विसाव्या शतकात पुन्हा रचल्यात." दिआनाच्या घरासमोर: "हा रस्ता एवढा मोकळा दिसतो, कारण यावर नंतर बांधलेलं काढून टाकलंय." आणि शेवटी फोरममध्ये: "ही फरशी लोक शेवटपर्यंत दुरुस्त करत राहिले." मोजून एक मिनिट. आणि माझा अनुभव असा आहे की लोकांना हे ऐकून कंटाळा येत नाही. उलट त्या क्षणी लोक भिंतीच्या जवळ जातात, हात लावून बघू लागतात.

भिंत कशी वाचायची

गाइडने ती तीन वाक्यं सांगितली नाहीत तरी तुम्हाला स्वतःला थोडंफार वाचता येईल. ओस्तियात तीन प्रकारच्या भिंती ओळखायला शिका.

पहिली, शंकरपाळ्यांची भिंत. छोटे दगड तिरके बसवून केलेली जाळी. ही साधारण ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या पहिल्या शतकापर्यंतची जास्त, थोडी पुढेही चालू राहिली.

दुसरी, सलग विटांची भिंत. पातळ, लांब, लालसर विटा, बारीक दर्जा. दुसरं शतक म्हणजे हिचा सुवर्णकाळ. टूरमध्ये तुम्ही बहुतेक वेळ हिच्याकडेच बघत असता.

तिसरी, थरांची भिंत. एक थर विटांचा, एक थर दगडाच्या ठोकळ्यांचा, पुन्हा विटांचा. साधारण तिसऱ्या शतकाच्या शेवटापासून पुढे ही जास्त दिसते. एखाद्या सुबक विटांच्या दाराच्या चौकटीत ही थरांची भिंत भरलेली दिसली, तर तिथे थांबा. कुणीतरी ते दार नंतर बुजवलंय. खोली विभागली असेल, दुकान बंद केलं असेल, वाटण्या झाल्या असतील. ते कारण तुम्हाला कळणार नाही कदाचित, पण टूरमध्ये न आलेल्या माणसांपैकी एकाचा हात तुम्ही बघताय.

हे ठोकताळे आहेत, शंभर टक्के नियम नव्हेत. पण गाइडला विचारायला पुरेसे आहेत: "हे बुजवलेलं दार कधीचं?" "या भिंतीचा वरचा भाग मूळचा की नंतर रचलेला?" "हा उंचवटा इथे शिल्लक का राहिला?" चांगला गाइड या प्रश्नांनी खुलतो, हे नक्की.

तर घ्यावी का टूर?

घ्या. एकट्याने पहिल्यांदा गेलात तर सगळ्या विटा सारख्याच दिसतील, आणि तासाभरात सावली शोधायला लागाल. सकाळची टूर घ्या, तीन तास गाइडचं ऐका, हसा. मग गट फाटकाकडे वळला की तुम्ही वळू नका. तिकीट त्या दिवसापुरतं चालतं, आत थांबता येतं. पाणी सोबत ठेवा. देकुमानुसवरून उलट्या दिशेने, समुद्राकडे चालत राहा. गर्दी झटकन संपते. वाटेत थरांच्या भिंती मोजा. सिनेगॉगपर्यंत जा, मेनोरा बघा. परतताना सांत'आउरेया चर्चमध्ये मोनिकाचा दगड बघा. आणि रोमला जाताना एउरला उतरून ती सिंह-वाघांची भिंत बघायला जमलं, तर फारच उत्तम. आधी संग्रहालयाची वेळ तेवढी तपासा.

उरलेल्या अर्ध्या दिवसात एवढं होतं. टूर कंपनीने पूर्ण दिवसाचे पैसे घेतले असते.